मणिबेलीत ‘जय भीम’ पाहताना

चळवळीतल्या माणसाला सिनेमाचे काय, असे आम्हाला अनेकदा विचारले जाते. दिवसभर कोर्टात तारखा, संध्याकाळी कुठल्या तरी मोर्चाची बैठक, रविवारी विहारात वंदना. यातून वेळ काढून पडद्यासमोर तीन तास बसायचे म्हणजे चैन, असे आमच्या जुन्या कार्यकर्त्यांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. याच समाजाने जलशातून, शाहिरीतून, गावच्या चावडीपुढच्या नाटकातून बाबासाहेब खेड्यापाड्यांत नेले. आज ते काम मोठ्या प्रमाणावर पडदा करतो आहे. तो पडदा कोणाच्या हातात आहे आणि त्यावर कोणाचे दुःख दिसते, याकडे लक्ष ठेवणे हेही चळवळीचेच काम आहे. म्हणून गेल्या काही महिन्यांत जे चित्रपट आम्ही पाहिले, काही पहिल्यांदा, काही नव्याने, त्याबद्दल वाचकांशी बोलायचे आहे. मात्र सुरुवात मणिबेलीपासून करावी लागेल. कारण तिथे जे झाले त्यानंतर बाकीचे सगळे चित्रपट आम्हाला वेगळे दिसू लागले.

मणिबेली हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले, नर्मदेच्या काठचे आदिवासी गाव. महाराष्ट्राच्या नकाशात अगदी वरच्या कोपऱ्यात, गुजरातच्या हद्दीला टेकलेले. सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातली ३३ गावे बुडितात आली. त्यातली ९ अक्कलकुवा तालुक्यातली, २४ अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यातली. धरणाच्या भिंतीला सर्वांत जवळ असल्यामुळे पाणी पहिल्यांदा शिरले ते मणिबेलीत. तेव्हा नंदुरबार जिल्हा अस्तित्वातही आला नव्हता. १ जुलै १९९८ ला तो धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीच पहिले गाव पाण्याखाली गेले होते.

वनहक्काच्या काही दाव्यांचे कागद पाहण्यासाठी आम्ही काही वकील-कार्यकर्ते तिकडे गेलो होतो. नावेतून उतरलो आणि काठावरच्या मंडळींना सवयीप्रमाणे ‘जयभीम’ केला. त्यांनी ‘जिंदाबाद’ असे उत्तर दिले. नर्मदेच्या खोऱ्यात आंदोलनातली माणसे भेटली की एकमेकांना ‘जिंदाबाद’ म्हणतात, हेही आम्हाला तोवर ठाऊक नव्हते. दिवसभर कागद पाहिले. कोणाची पावती हरवलेली, कोणाचे नाव तलाठ्याच्या दप्तरात एक आणि आधार कार्डावर दुसरेच. अंधार पडल्यावर प्रोजेक्टर लावला. बॅटरी सोबत नेली होती. दोन बांबूंना पांढरी चादर बांधली आणि हिंदीत डब केलेला ‘जय भीम’ सुरू केला. भाषा अडेल तिथे गावातलाच एक शिकलेला तरुण मोठ्याने समजावून सांगत होता.

हा तमिळ चित्रपट २ नोव्हेंबर २०२१ ला ॲमेझॉन प्राइमवर आला. दिग्दर्शक टी. जे. ज्ञानवेल, वकिलाच्या भूमिकेत सूर्या. पहिलेच दृश्य तुरुंगाच्या दाराशी आहे. शिक्षा भोगून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला जात विचारली जाते. वरच्या जातीचा असेल तर घरी जा. इरुलर असेल, कुरवर असेल तर बाजूला उभा राहा, तुझ्या नावावर दुसरा गुन्हा घालायचा आहे. भारतातल्या फौजदारी न्यायव्यवस्थेवर जाडजूड ग्रंथ वाचून जे कळणार नाही ते या पाच मिनिटांत कळते. पुढे राजाकन्नू या इरुलर आदिवासीवर चोरीचा आळ येतो. पोलिस त्याला कोठडीत मारतात आणि तो पळून गेला असे सांगतात. त्याची गरोदर बायको सेंगेनी ही वकील चंद्रू यांच्याकडे येते. चंद्रू मद्रास उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस दाखल करतात. सरळ भाषेत सांगायचे तर, ‘आमचा माणूस कोर्टापुढे उभा करा’ अशी मागणी करणारी याचिका.

गोष्ट खरी आहे. ॲड. के. चंद्रू पुढे त्याच उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मूळ घटनेतला राजाकन्नू कुरवर समाजाचा होता, चित्रपटात तो इरुलर दाखवला आहे. पडद्यावर निकाल अडीच-पावणेतीन तासांत लागतो. प्रत्यक्षात दोषी पोलिसांना शिक्षा व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला. चित्रपटात एका शाळेच्या कार्यक्रमात मुले गांधी, नेहरू अशी नेत्यांची सोंगे घेऊन येतात, आणि यात आंबेडकर का नाहीत, असे चंद्रू विचारतात. चित्रपट संपतो तेव्हा पडद्यावर ‘जय भीम’चा अर्थ सांगणारी कविता येते, आणि ती मूळची मराठी आहे. तमिळ भूमीतल्या दिग्दर्शकाला शेवटचा शब्द आपल्या भाषेतून घ्यावासा वाटला, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

शहरात हा चित्रपट आम्ही दोनदा दाखवला आहे. वकील उलटतपासणीत पोलिसांचे खोटे उघडे पाडतो तिथे शिट्ट्या येतात, टाळ्या पडतात. मणिबेलीत टाळी पडली नाही. कोठडीतली मारहाण सुरू झाली तेव्हा काही बाया मुलांना घेऊन उठल्या, थोडे लांब जाऊन पाठ करून बसल्या आणि तो भाग संपल्यावर परत आल्या. चित्रपट संपला. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, हे कोणत्या सालचे? आम्ही म्हणालो, १९९३ चे. बाबा म्हणाले, आमचेही त्याच सालचे.

त्या सालाचा हिशेब वाचकांपुढे ठेवला पाहिजे. १९९१ च्या पावसाळ्यापासून मणिबेलीत सत्याग्रह सुरू झाला होता. पाणी चढले तरी घर सोडणार नाही, असा लोकांचा निर्धार होता. जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने जून १९९२ मध्ये प्रकल्पाच्या पुनर्वसनावर आणि पर्यावरणावर कडक ताशेरे ओढले, आणि मार्च १९९३ मध्ये बँकेचे उरलेले कर्ज बंद झाले. तरीही भिंत थांबली नाही. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीची घरे पाण्यात गेली. पुढे गावाजवळचे शूलपाणेश्वराचे जुने मंदिरही बुडाले. देवासाठी गुजरातेत गोरा येथे नवे मंदिर उभे राहिले. माणसांसाठी मात्र तेवढी घाई झाली नाही. काही कुटुंबे गुजरातमधल्या परवेटा वसाहतीत गेली, काही डोंगरावर वर सरकून तिथेच राहिली. एका घरातला एक भाऊ गुजरातेत, दुसरा महाराष्ट्रात, अशी वाटणी धरणाने केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अक्राणीतल्या चिंचखेडी येथे पोलिसांच्या गोळीबारात रेहमल पुन्या वसावे हा कोवळ्या वयाचा आदिवासी मुलगा मारला गेला. आणि त्याच वर्षी तिकडे तमिळनाडूत राजाकन्नूला कोठडीत मारले गेले. म्हाताऱ्या बाबांचा हिशेब बरोबर होता.

प्रोजेक्टर गुंडाळत असताना दुभाष्याचे काम करणारा तो तरुण म्हणाला, “वकीलसाहेब, आमच्या गावाची पण फिल्म आहे. तुम्ही बघितली का?”

आम्ही बघितली नव्हती. वीस वर्षे वकिली, त्याहून जास्त वर्षे चळवळ, आणि आम्ही ती फिल्म बघितली नव्हती. खोटे कशाला बोला? तिचे नावही आम्हाला नीट आठवले नाही.

या न बघण्याला कारण आहे, आणि ते आम्ही इथे कबूल करतो. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नर्मदा बचाव आंदोलन विरुद्ध भारत सरकार’ या खटल्याचा निकाल दिला तेव्हा आम्ही वकिलीचे शिक्षण घेत होतो. दोन विरुद्ध एक अशा बहुमताने धरणाचे काम टप्प्याटप्प्याने पुढे नेण्यास परवानगी मिळाली. न्या. एस. पी. भरुचा यांनी वेगळे मत नोंदवले. वर्गात आम्हाला बहुमताचा निकाल शिकवला गेला, भरुचांच्या मतावर एक तासही खर्च झाला नाही. वसतिगृहात आम्हा आंबेडकरी मुलांची चर्चा झाली ती अशी, की हे आंदोलन आपले नव्हे, ते झाडे-पाणी-पर्यावरणवाल्या उच्चवर्णीयांचे आहे. शिवाय धरणांचा पाया तर बाबासाहेबांनीच घातला! मग आपण विरोधकांच्या बाजूला कशाला जायचे? असे म्हणून आम्ही विषय मिटवला. तो तब्बल वीस-पंचवीस वर्षे मिटलेलाच राहिला.

परत आल्यावर ती फिल्म मिळवली आणि पाहिली. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी केलेली ‘ए नर्मदा डायरी’, १९९५ सालची, जेमतेम तासाभराची. तिला उत्कृष्ट माहितीपटाचा फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला होता. नावाप्रमाणे ती रोजनिशीच आहे. १९९० पासून काही वर्षे कॅमेरा खोऱ्यात पुन्हा पुन्हा जातो आणि जे घडेल ते टिपत राहतो. मोर्चे, बैठका, अधिकाऱ्यांची उत्तरे, पुनर्वसनाच्या वसाहती, होळीचे नाच, आणि दर पावसाळ्यात वर येणारे पाणी. पाणी हळूहळू येते. पूर येतो तसे धडधडत येत नाही. ते अंगणात येते, मग ओट्यावर, मग चुलीपाशी. माणसे तिथेच उभी. आम्ही त्या चेहऱ्यांत म्हाताऱ्या बाबांचा तरुणपणचा चेहरा शोधत बसलो.

फिल्मवर आमचे आक्षेप आहेत. आदिवासी स्वतः बोलतात त्यापेक्षा त्यांच्या वतीने बोलणारे अधिक वेळ बोलतात, असे आम्हाला वाटले. हाच विषय ज्यांना कुटुंबाच्या अंगाने पाहायचा असेल त्यांनी फ्रॅनी आर्मस्ट्राँग यांची ‘ड्राउन्ड आउट’ (२००२) पाहावी. नर्मदेच्या पलीकडच्या काठावरचे, मध्य प्रदेशातल्या जलसिंधी गावचे लुहारिया यांचे घर तिच्या केंद्रस्थानी आहे. वसाहतीत जायचे की पाण्यात उभे राहायचे, हा निर्णय घरातली माणसे कशी घेतात ते त्यात दिसते. आंदोलनाची सुरुवात समजून घ्यायची तर अली काझिमी यांची ‘नर्मदा : अ व्हॅली राइझेस’ (१९९४) आहे. १९९०-९१ च्या हिवाळ्यात हजारो लोक पायी निघाले आणि गुजरातच्या हद्दीवर फेरकुवा येथे अडवले गेले, त्या संघर्ष यात्रेची ती गोष्ट. संजय काक यांची ‘वर्ड्स ऑन वॉटर’ (२००२) न्यायालयाच्या निकालानंतरचे खोरे दाखवते. पण एकच पाहणार असाल तर ‘नर्मदा डायरी’ पाहा. ती आपल्या राज्यातल्या गावाची आहे.

आता मुद्द्यावर येऊ. आनंद पटवर्धन हे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव दलाच्या गोळीबारात १० जण ठार झाले. ते पाहून शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. त्यावर पटवर्धनांनी १४ वर्षे काम करून ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) केला. तीन तासांहून मोठा हा माहितीपट आपण वस्त्यावस्त्यांत पाहिला, रात्र रात्र जागून पाहिला, डोळे पुसत पाहिला. त्याच माणसाने त्याआधी मणिबेली टिपली होती. ती किती विहारांत दाखवली गेली? चिंचखेडीची गोळी १९९३ ची, रमाबाई नगरची १९९७ ची. दोन्ही ठिकाणी सरकार या महाराष्ट्राचे, पोलिस या महाराष्ट्राचे, मेलेली माणसे या महाराष्ट्राची. आपण एकच गोळी मोजली. रेहमल वसावेचे नाव आमच्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? आम्हालाही ते मणिबेलीहून परतल्यावर वाचून कळले.

‘धरणे बाबासाहेबांची’ या युक्तिवादाचे उत्तरही द्यायला हवे. ते खरेच आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर आणि हिराकूडसारख्या बहुउद्देशीय नदी प्रकल्पांना दिशा दिली, केंद्रीय पातळीवर जलनियोजनाची यंत्रणा उभी करण्यात मोठा वाटा उचलला. पूर आवरावा, वीज मिळावी, कोरडवाहू शेतकऱ्याच्या रानात पाणी जावे, हा त्यामागचा विचार. गरिबाचे घर बुडवून श्रीमंताच्या नळाला पाणी द्यावे, हा विचार त्यात कुठे आहे? त्याच बाबासाहेबांनी घडवलेल्या संविधानात अनुच्छेद २४४ आणि पाचवी अनुसूची आहे. अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याच अनुसूचित क्षेत्रातले तालुके. १९७९ च्या नर्मदा जलविवाद लवादाने जमिनीच्या बदल्यात जमीन द्यायला सांगितले. किमान दोन हेक्टर, सज्ञान मुलाला वेगळी, आणि तीही बुडिताच्या आधी. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन सरकारी दप्तरात जंगल म्हणून लागली, म्हणून कसणारा झाला अतिक्रमणदार! धरणाची भिंत मात्र १३८.६८ मीटरपर्यंत गेली. दरवाजे जून २०१७ मध्ये बंद झाले आणि २०१९ मध्ये ते काठोकाठ भरले. जगाला मात्र मणिबेली कळली होती. १९९४ मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना जागतिक बँकेचा पैसा थांबवण्याची मागणी केली, त्या जाहीरनाम्याला नावच ‘मणिबेली जाहीरनामा’ असे दिले. परदेशातल्या माणसाला जे नाव ठाऊक होते ते नागपूरच्या, मुंबईच्या, औरंगाबादच्या आमच्या अभ्यासवर्गांत कधी निघाले नाही.

राहिला प्रश्न नेतृत्व कोणाचे, याचा. हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारत राहावा. पण नेतृत्वावर राग म्हणून बुडणाऱ्याकडे पाठ फिरवणे हे बुद्धाच्या करुणेत बसत नाही आणि बाबासाहेबांच्या न्यायातही बसत नाही. नेता आवडला नाही म्हणून आशील सोडून देणारा वकील कसला?

वकिलाचा विषय निघालाच आहे तर त्याच अंगाने आणखी तीन चित्रपट सांगतो. पहिला जुना आहे, ‘आक्रोश’ (१९८०). दिग्दर्शक गोविंद निहलानी, लेखन विजय तेंडुलकर. लहान्या भिकू हा आदिवासी बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली उभा आहे आणि एक शब्द बोलत नाही. ओम पुरी यांनी ही मुकी भूमिका डोळ्यांनी केली आहे. आम्ही तो कॉलेजात पाहिला तेव्हा नसीरुद्दीन शाह यांच्या तरुण वकिलाकडे पाहत होतो. या वेळी नजर गेली अमरीश पुरी यांनी केलेल्या सरकारी वकील दुसाने यांच्याकडे. दुसाने स्वतः आदिवासी. शिकून वर आलेले. रात्री फोन करून कोणी तरी त्यांना जातीवरून शिव्या देतो. ते ऐकून घेतात, फोन ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात आपल्याच माणसाविरुद्ध उभे राहतात. १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलची जी वेदना बोलून दाखवली, ती या पात्रात भरलेली आहे. आमच्यातल्या प्रत्येक वकिलाने, अधिकाऱ्याने, प्राध्यापकाने हा चित्रपट दुसाने यांच्यासाठी पाहावा.

दुसरा ‘कोर्ट’ (२०१४), दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा, की त्यांचे गाणे ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. ही भूमिका करणारे वीरा साथीदार आपल्या चळवळीचे, नागपूरचे, ‘विद्रोही’चे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने त्यांना नेले. खरे कोर्ट कसे चालते हे आजवर या चित्रपटाइतके प्रामाणिकपणे कोणी दाखवलेले नाही. तिथे टेबलावर मुठी आपटणारा वकील नाही, पुढची तारीख आहे. कामगाराची विधवा साक्ष देते तो भाग पुन्हा पुन्हा पाहावा. नवरा आधी गटारात खडा टाकून पाहायचा. झुरळे बाहेर आली तर खाली हवा आहे असे समजायचे आणि उतरायचे. संरक्षक साधन काही नाही. ती हे रडत सांगत नाही, विचारले तेवढेच सांगते. ‘जय भीम’ पाहून ज्यांना वाटते की एक चांगला वकील मिळाला की न्याय झाला, त्यांनी लगेच ‘कोर्ट’ पाहावा.

तिसरा मारी सेल्वराज यांचा तमिळ ‘परियेरुम पेरुमाल’ (२०१८). दलित मुलगा वकील व्हायला लॉ कॉलेजात जातो, इंग्रजीत चालणारा वर्ग त्याच्या डोक्यावरून जातो, आणि वर्गातल्या मुलीशी साधी मैत्री त्याच्या जिवावर उठते. शेवटी एका टेबलावर चहाचे दोन ग्लास आणि मध्ये एक फूल, एवढ्या एका चित्रात जे म्हटले आहे त्यावर आम्ही विद्यार्थ्यांसमोर तासभर बोललो. ‘धडक २’ (२०२५) हा त्याचाच हिंदी अवतार. तोही पाहायला हरकत नाही, पण मूळ आधी पाहावा.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’बद्दल आणि ‘सैराट’बद्दल पुष्कळ लिहून झाले. आम्हाला मणिबेलीहून आल्यावर त्यांचा ‘झुंड’ (२०२२) पुन्हा पाहावासा वाटला. बहुतेकांच्या लक्षात राहिली ती भीमजयंतीची मिरवणूक आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढचे अमिताभ बच्चन. आम्ही थांबलो रिंकू राजगुरूच्या मोनिकापाशी. आदिवासी मुलगी फुटबॉल खेळते, परदेशी जायची संधी येते, आणि बाप तिला घेऊन या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरतो. कशासाठी? ही मुलगी आहे, या देशाची आहे, याचा कागद मिळावा म्हणून. चित्रपटगृहात या प्रसंगाला लोक हसले होते. मणिबेलीत दिवसभर आम्ही हाच चित्रपट पाहिला होता, फक्त पडदा नव्हता.

अलीकडचे दोन हिंदी चित्रपट थोडक्यात. ‘फुले’ (२०२५) हा अनंत महादेवन यांचा चित्रपट ११ एप्रिलला येणार होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर मंडळाने जातींची नावे आणि पेशवाईचा उल्लेख यांवर कात्री चालवली, आणि तो २५ एप्रिलला आला. ज्योतिबा-सावित्रीमाईंना जे सोसावे लागले ते दाखवायला शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही परवानगी मागावी लागते! चित्रपट थोडा शाळेच्या पाठासारखा झाला आहे, तरी मुलांना जरूर दाखवा. नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’ (२०२५) मात्र मोठ्यांनी शांतपणे पाहावा असा आहे. एक दलित आणि एक मुसलमान, दोन मित्र, पोलिसभरतीची आशा आणि मग टाळेबंदीतली ती पायपीट. दलित मुलगा आडनाव लपवतो, राखीव जागेचा हक्क असूनही अर्ज खुल्या वर्गातून भरतो. आमच्या ओळखीची अशी मुले आहेत. वाचकांच्याही असतील.

हे सगळे सांगण्यामागे आमचा हेतू एकच आहे. आपण ‘आपले’ चित्रपट म्हणजे ज्यात निळा झेंडा दिसतो, बाबासाहेबांची तसबीर दिसते ते, असे धरून चाललो आहोत. तसबीर दिसली की आपण टाळी वाजवतो. टाळी वाजवायला हरकत नाही, साठ-सत्तर वर्षे ती तसबीर पडद्यावर येऊच दिली नव्हती. पण ‘जय भीम’ या चित्रपटाने ते नाव लावले ते एका आदिवासी बाईच्या लढ्याला, हे विसरू नये. त्या नावाचा अर्थ एका तमिळ दिग्दर्शकाला कळला आणि तो आम्हाला सातपुड्यातल्या आमच्याच आदिवासींबाबत कळू नये?

म्हणून वाचकांना आमच्या तीन विनंत्या आहेत. ज्या विहारात, ज्या वाचनालयात ‘जय भीम कॉम्रेड’ दाखवला गेला तिथे ‘ए नर्मदा डायरी’ही दाखवावी. तासाभराची आहे, वंदनेनंतर सहज होते. वकील संघटनेतल्या मित्रांनी ‘आक्रोश’ आणि ‘कोर्ट’ एकत्र बसून पाहावेत आणि नंतर स्वतःला विचारावे, आपण चंद्रू आहोत की दुसाने? आणि चित्रपट संपल्यावर लगेच दिवे लावून चपला शोधू नयेत. अर्धा तास बसावे, बायकांना आणि तरुणांना आधी बोलू द्यावे.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. २०२७ मध्ये त्या दिवसाला शंभर वर्षे होतात. त्या शतकाच्या निमित्ताने ठिकठिकाणी कार्यक्रम होतील, गाणी होतील, भाषणे होतील. आम्हालाही कुठे तरी बोलावले जाईल. पाण्याला हात लावू दिला नाही म्हणून आमच्या बापजाद्यांनी लढा दिला. पाणी घरात सोडले म्हणून मणिबेलीच्या माणसांनी लढा दिला. दोन्हीकडे पाणी कोणाचे, हाच प्रश्न होता. त्या दिवशी आम्ही भाषण थोडे आवरते घेऊ आणि तासभर मणिबेलीची फिल्म लावू.

वनहक्काच्या दाव्यांसाठी पुन्हा तिकडे जायचे आहेच. तेव्हा त्या तरुणाला निदान एवढे तरी सांगता येईल, की बघितली आणि चार ठिकाणी दाखवली. काठावर उतरताना या वेळी आम्ही आधी ‘जिंदाबाद’ म्हणू.

जयभीम! जिंदाबाद!